थायरॉइड न्यूनतेसाठी योगाभ्यास (मुंबई)

थायरॉइड म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी. तिच्यातून पुरेसे संप्रेरक (हार्मोन) झिरपेनासे झाले की शरीराचा सगळा कारभार संथ होतो. थकवा येतो, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठता होते, केस गळतात, त्वचा कोरडी पडते, पाळी बिघडते, मन खिन्न राहते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार कितीतरी अधिक आढळतो. औषधाच्या जोडीने या त्रासावर केलेल्या आसन-प्राणायामाला मुंबईत सर्रास ‘थायरॉइडचा योगा’ म्हणतात.

‘जोडीने’ हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचलेल्या भागांत या विकाराचे मुख्य कारण म्हणजे १९१२ साली जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी वर्णिलेला दाह. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. मान ताणून किंवा दाबून ही झीज भरून येत नाही. खांद्यांवर भार घेऊन पाय वर उचलायच्या सर्वांगासनाने ग्रंथी पुन्हा कामाला लागते, हा दावा सिद्ध झालेला नाही. कमी पडलेले संप्रेरक लिव्हॉथायरॉक्सिनची गोळीच भरून काढते.

मग योगाचा उपयोग काय? गोळी सुरू असूनही आखडलेले सांधे, उतरलेला उत्साह, उडालेली झोप आणि मनावरचा ताण यांवर नियमित अभ्यासाचा गुण येतो, असे करणाऱ्या अनेकींचे सांगणे आहे. लहान प्रमाणावरच्या काही अभ्यासांतही तशी नोंद आहे. वजनाबाबत मात्र अपेक्षा आवरती ठेवावी. या विकाराने वाढणारे वजन बहुधा थोडेच असते आणि त्यातले बरेचसे शरीरात साठलेल्या मिठा-पाण्याचे असते.

विपरीतकरणी (पाय वर, डोके खाली) आणि हनुवटी गळ्याशी टेकवायचा जालंधर बंध ‘हठयोगप्रदीपिका’ या जुन्या योगग्रंथात आहेत, पण तिथे या ग्रंथीचे नाव नाही. आसनांचा विचार अंतःस्रावी, म्हणजे रक्तात संप्रेरके सोडणाऱ्या, ग्रंथींच्या अंगाने होऊ लागला तो विसाव्या शतकात. त्यात १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचा वाटा मोठा. कैवल्यधामचे मुंबईतले केंद्र मरीन ड्राइव्हला आहे. त्याआधी १९१८ मध्ये श्रीयोगेंद्रांनी वर्सोव्याला सुरू केलेली योग संस्था आता सांताक्रूझला आहे. ठाण्यात सुरू झालेल्या अंबिका योग कुटीरच्या विनाशुल्क वर्गांनी योग मध्यमवर्गीय आणि कामगार वस्त्यांपर्यंत नेला. या कामाचे मोल मोठे आहे.

मुंबईच्या घरात या अभ्यासाची वेळ गोळीच ठरवते. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. पहाटे पाचला उशाशी ठेवलेल्या फुलपात्रातल्या पाण्याने गोळी घेतली की लालबागच्या खोलीतली बाई सोफा आणि कपाट यांच्यामधल्या पट्ट्यात सतरंजी अंथरते. मुले अजून झोपलेली असतात, डब्याची कणीक मळायची असते. पाय वर नेऊन मागे हलासन करायला जागाच नसते. टाचा कपाटावर आपटतात. म्हणून ती कुल्ले भिंतीलगत आणून पाय भिंतीवर सरळ सोडते आणि दहा मिनिटे तशीच पडून राहते. विपरीतकरणीचा हा सोपा प्रकार मानेवर भार टाकत नाही, त्यामुळे चाळिशीनंतर तोच अधिक बरा. पुढे सेतुबंधासन, भुजंगासन, मार्जरासन, घशात हलकी घरघर उमटवणारा उज्जायी आणि शेवटी शवासन. एवढ्यात चहाची वेळ होते.

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असल्यास सर्वांगासन व हलासन टाळावे. पाळीच्या दिवसांतही ही आसने सहसा करत नाहीत. गलगंड मोठा असेल तर गळा दाबणारी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत व थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे.

चार महिने आसने केली, बरे वाटले, म्हणून गोळी सोडली, असे वर्गांत वरचेवर कानावर येते. हे संप्रेरक रक्तातून सावकाश उतरते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केल्यावरही सुरुवातीला काही बिघडल्यासारखे वाटत नाही, त्रास मागाहून परततो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातले टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, तपासतात. दिवस राहिल्याचे कळताच मात्र ही तपासणी लगेच करावी लागते, कारण तेव्हा बहुधा डोस वाढवावा लागतो.