रात्रपाळीच्या गाडीपासून हॉटेलच्या उपाहारगृहापर्यंत: अमेरिकन डायनरच्या जेवणाची पार्श्वभूमी

खिम्याचा मीटलोफ, पॅनकेक, पॅटी मेल्ट (मांसाची टिक्की आणि चीज घालून तव्यावर शेकलेले सँडविच), उंच पेल्यातला मिल्कशेक आणि कप रिकामा झाला की पुन्हा भरली जाणारी कॉफी, हे अमेरिकन डायनरचे, म्हणजे काउंटरवर बसून झटपट खाता येणाऱ्या साध्या उपाहारगृहाचे, जुने खाणे गेल्या काही दशकांत तिथल्या हॉटेलांच्या उपाहारगृहांत नव्याने दिसू लागले आहे. या खाण्याचा जन्म मात्र हॉटेलात झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांतील नामांकित हॉटेलांची भोजनगृहे फ्रेंच पाककलेचा आदर्श समोर ठेवून चालत होती, तेव्हा डायनरचे पूर्वज रस्त्याच्या कडेला, ज्यांना रात्री कुठेच गरम जेवण मिळत नव्हते अशा कष्टकऱ्यांसाठी उभे राहत होते.

रोड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात 1872 साली वॉल्टर स्कॉट यांनी छापखान्यातली नोकरी सोडली आणि घोड्याच्या गाडीतून सँडविच, उकडलेली अंडी, पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि कॉफी विकायला सुरुवात केली. गाडी वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर उभी असे, आणि संध्याकाळी सगळ्या खानावळी बंद झाल्यावर काम करणारे जुळारी, वार्ताहर व कामगार खिडकीतून खाणे घेऊन रस्त्यावरच उभ्याने खात. पावसापाण्यात आणि ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंड या भागाच्या हिवाळ्यात हे किती अवघड होते याची कल्पना करता येते. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे सॅम्युअल जोन्स यांनी 1887 साली गिऱ्हाइकांना आत येऊन खाता येईल अशी गाडी आणली, हे या इतिहासातील खरे वळण मानले पाहिजे. पुढे वूस्टर हेच अशा गाड्या बांधण्याचे केंद्र झाले. शहरांनी गाड्यांच्या वेळांवर बंधने घातली, तेव्हा मालकांनी त्या एका जागी कायमच्या उभ्या केल्या आणि चाकांची गरज संपली.

नंतरचे डायनर जागेवर बांधले जात नसत, ते कारखान्यात तयार होऊन येत. न्यू जर्सीतील जेरी ओ'महोनी आणि वूस्टर लंच कार कंपनी यांच्यासारखे उत्पादक भांडी, शेगडी आणि स्टुलांसह अख्खे उपाहारगृह रेल्वेने किंवा रस्त्याने पोहोचवत. वाहतुकीत मावावी म्हणून वास्तू लांब आणि अरुंद ठेवावी लागे, आणि या अरुंदपणाने पदार्थ ठरवले असे माझे मत आहे. एका बाजूला लांब काउंटर व स्टुले, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काम करणारा आचारी आणि त्याच्यासमोर एकच मोठा सपाट लोखंडी तवा, एवढ्यात जे काही मिनिटांत तयार होईल तेच देता येई. अंडी, बटाट्याचे हॅश ब्राउन, पॅनकेक, हॅम्बर्गर आणि तव्यावर शेकलेले सँडविच ही यादी कुणा पाकतज्ज्ञाने आखली नव्हती, ती जागेतून आणि घाईतून घडली. ज्यांना वेळ लागतो ते पदार्थ, म्हणजे सूप, पाय आणि खिम्यात पावाचा चुरा, अंडे व कांदा घालून भाजलेला मीटलोफ, आधी करून ठेवले जात. 1930 च्या दशकातील महामंदीत थोडे मांस अधिक ताटांत पुरवणारा मीटलोफ घरोघरी रुजला होता आणि डायनरमध्येही त्याचे स्थान पक्के झाले.

डायनरला लोकशाहीचे प्रतीक म्हणण्याची प्रथा आहे, पण ती जपून पाळावी. आरंभी या जागा जवळजवळ पुरुषांच्याच होत्या. 1920 च्या दशकात मालकांनी टेबले आणि बाकांचे कप्पे बसवले, ते स्त्रियांनाही यावेसे वाटावे म्हणून. कृष्णवर्णीय नागरिकांना तर दक्षिणेतील अनेक काउंटरवर बसूही दिले जात नसे. 1 फेब्रुवारी 1960 रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एका दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसून जो सत्याग्रह सुरू केला, तो याच व्यवहाराविरुद्ध होता. 1950 चे दशक सोनेरी होते असे सांगत निऑनचे दिवे लावणाऱ्या प्रत्येक नव्या उपाहारगृहाने हा भाग लक्षात ठेवायला हवा.

हॉटेलांनी डायनरची साधी धाटणी स्वीकारल्याची उदाहरणे पुनरुज्जीवनाच्या लाटेहून जुनी आहेत. बेव्हर्ली हिल्स हॉटेलात 1949 साली उघडलेली फाउंटन कॉफी रूम ही त्यांतील प्रसिद्ध जागा. वळणदार काउंटर, त्यापुढची स्टुले, पॅनकेक आणि मिल्कशेक असा तिचा थाट एका अत्यंत महागड्या हॉटेलात नांदला.

पण याच काळात मूळ डायनरला उतरती कळा लागली. मॅक्डॉनल्ड बंधूंनी 1948 मध्ये कॅलिफोर्नियातील आपल्या उपाहारगृहात यादी आखडून वेगवान पद्धत सुरू केली, 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले आणि प्रवासी जुन्या रस्त्यांवरून दूर गेले. वूस्टरचा कारखाना 1957 मध्ये बंद पडला. ईशान्येत हा व्यवसाय टिकला त्यात ग्रीक स्थलांतरित कुटुंबांचा वाटा फार मोठा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी पाहिलेली, कितीतरी पाने भरणारी डायनरची यादी त्याच परंपरेतून आली आहे.

जतनाची जाणीव 1970 च्या दशकात आली. न्यू यॉर्कमधील बंद पडलेले एम्पायर डायनर 1976 मध्ये नव्या रूपात उघडले आणि रोड आयलंडमधील पॉटकेट येथील मॉडर्न डायनरची 1978 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. ती मिळवणारे ते पहिले डायनर. यानंतर हॉटेले पुढे आली. लॉस एंजेलिसमध्ये बेव्हर्ली लॉरेल मोटर हॉटेलात 1993 साली स्विंगर्स सुरू झाले, हॉलिवुडमधील एका हॉटेलच्या इमारतीत 2001 साली 101 कॉफी शॉप आले, तर पाम स्प्रिंग्जच्या एस हॉटेलने साखळीतल्या जुन्या डेनीज उपाहारगृहाच्या जागेतच आपले किंग्ज हायवे थाटले.

या जागांपैकी मला स्विंगर्स आणि 101 अधिक महत्त्वाची वाटतात, कारण त्या रात्री उशिरापर्यंत चालत आणि हॉटेलात न उतरलेल्या माणसालाही रस्त्यावरून थेट आत येता येई. क्रोमचा पत्रा आणि लाल रेक्झिनचे बाक कोणीही विकत घेऊ शकतो. रात्री दोनला तवा तापलेला ठेवणे खर्चाचे असते, आणि जिथे पाहुण्यांसाठी रात्रभर कुणीतरी जागे असतेच, अशा हॉटेलला तो भार इतरांपेक्षा थोडा हलका जातो. तरीही तो पेलणे सोपे नाही. 2020 च्या महासाथीत स्विंगर्स आणि 101 ही दोन्ही उपाहारगृहे बंद पडली. पुढच्या वर्षी स्विंगर्स तिथल्याच एका माजी व्यवस्थापिकेच्या पुढाकाराने पुन्हा उघडले आणि 101 च्या जागी क्लार्क स्ट्रीट डायनर सुरू झाले.