नव्या फिशटँकमधले मासे का मरतात?

दिवाणखान्यातला मासा अचानक मेला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ दे, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." फ्लॉवरहॉर्न आणि अरवाना या माशांचा खप बराचसा याच समजुतीवर चालतो. संकट होतं हे खरं. पण ते टँकमध्येच तयार झालं होतं आणि बहुतेक वेळा त्याचं नाव असतं अमोनिया.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही आपल्याकडची नेहमीची टाकी. काठोकाठ भरली तर ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पन्नाससुद्धा उरत नाहीत. त्यात चार गोल्डफिश, एंजलची जोडी आणि तळाला एक सकर मासा सोडून आपण पहिल्याच दिवशी मोकळे होतो. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. न खाल्लेले दाणे कुजले की त्यांचाही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, काचेच्या पेटीत साठतो. पाण्यातला अमोनिया वाढला की माशाच्या रक्तातला बाहेर पडेनासा होतो. मग मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतो, कल्ले लालभडक दिसू लागतात. आपल्याला वाटतं भूक लागली असेल, म्हणून आणखी चिमूटभर खाणं टाकतो!

या विषाचा निचरा करणारे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत. जिवाणूंचा एक गट (आणि त्यांच्यासोबत आर्किया नावाचे सूक्ष्मजीव) अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि मासा हवा भरपूर असूनही गुदमरतो. नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी. थोडं वनस्पती शोषून घेतात, उरलेलं आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून काढतो. नायट्राइटचा फडशा पाडण्याचं श्रेय पुस्तकांनी वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टर या जिवाणूंना दिलं होतं. १९९८ मध्ये लक्षात आलं की मत्स्यालयांच्या फिल्टरमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हे वेगळे जिवाणू करतात. पुढे २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटेच करणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यातले काही नेदरलँड्समधल्या संशोधकांना मिळाले ते मत्स्यपालनाच्याच एका फिल्टरमध्ये.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दह्याच्या विरजणासारखं एका रात्रीत काही होत नाही. गोड्या पाण्याच्या नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. बहुतेक मासे मरतात ते नेमके याच काळात. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला मळका स्पंज आपल्या पाण्यात पिळून घ्यावा. दिसायला किळसवाणं, पण यासारखा उपाय नाही.

बसलेली वस्ती उठवायचं काम आपण रविवारी करतो. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, वाळू चोळून स्वच्छ, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत पिळायचा. जिवाणू राहतात ते याच स्पंजमध्ये आणि वाळूवर, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारण्यासाठीच घातलेलं असतं. टाकी आरशासारखी चमकते आणि बुधवारी पहिला मासा उलटा तरंगतो. मग दुकानातून मिथिलीन ब्लू येतं, म्हणजे ते निळं औषध. त्याने उरलेसुरले जिवाणूही जायबंदी होतात. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका खळबळावा, आणि पाव ते एक तृतीयांश पाण्यापेक्षा जास्त एका वेळी बदलू नये. नवं पाणी क्लोरीन काढूनच घालावं.

दुकानदाराच्या एका सल्ल्यात मात्र तथ्य आहे: खडे मीठ. नायट्राइट माशाच्या शरीरात शिरतं ते कल्ल्यांमधल्या क्लोराइड आत घेणाऱ्या वाटेनेच. पाण्यात मिठाचं क्लोराइड भरपूर असेल तर त्या दारात गर्दी होते आणि नायट्राइट बाहेर राहतं. अमोनियावर मात्र मिठाची मात्रा चालत नाही, आणि पाणवनस्पतींना ते सोसत नाही.

खाऱ्या पाण्याचे मासे पहिल्यांदा पाहिले कुठे, असं मुंबईकराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय, १९५१ सालचं. तसले रंग घरात आणावेत असं वाटणं साहजिक आहे, पण तिथे चुकीला जागा फार कमी. समुद्राच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८.१ ते ८.३. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात, २५ अंश तापमानाला, एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, बाकीचा सौम्य अमोनियमच्या रूपात. ८.२ ला हेच प्रमाण सहा ते आठ टक्के होतं. म्हणजे मोजमापाच्या किटवर आकडा तोच, आणि विष दहापटीहून अधिक. शिवाय खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन साधारण एक पंचमांश कमी विरघळतो.

मुळात दोन्हीकडच्या माशांच्या शरीराची कसरतच उलटी आहे. माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. गोड्या पाण्यात त्यामुळे पाणी सतत शरीरात घुसत राहतं. गोल्डफिश पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ मूत्र भरभरून सोडतो. समुद्री माशाचं पाणी उलट सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ मुख्यतः कल्ल्यांवाटे फेकतो. आपण टाकीत जे काही विरघळवतो ते त्याच्या पोटात जातं.

स्वयंपाकाचं मीठ घालून समुद्र होत नाही. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट सगळं लागतं, म्हणून तयार सी सॉल्ट आणावं लागतं. मे महिन्यात पंख्याखालच्या टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. घट भरून काढताना तिथे पुन्हा खारं पाणी ओतणारे पुष्कळ आहेत. क्षार वाढत जातात आणि मासा तहानेने मरतो, तेही पाण्यात. घट भरायची ती गोड्या पाण्यानेच.

तरीही करायचंच असेल तर टाकी मोठी घ्यावी, कारण जास्त पाण्यात बदल सावकाश होतात, आणि सुरुवात क्लाउनफिशने करावी. त्याची पैदास आता हॅचरीत होते, भारतातही होते. हे सगळे नर म्हणूनच वाढतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो, आणि ती मेली की तिचा जोडीदार नर मादी बनतो, त्यामुळे लहान वयाची दोन पिल्लं आणली तरी जोडी जमते. रीफवरून, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ खडकांवरून, पकडलेल्या माशाचं तसं नाही. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले गेले. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत जातो. समुद्रघोडे आणि रीफ बांधणारी प्रवाळं भारतात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचा तुकडा पुढे केला तर घेऊ नये. सजावटीला आणि जिवाणूंच्या वस्तीला सच्छिद्र सिरॅमिक दगड पुरतो.