तिशीनंतर नर्सिंग करायचंय? वयाची अट, बारावी आणि कागदांवरचं नाव

बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेची (इंडियन नर्सिंग कौन्सिल) जी नियमावली आहे, तिच्यात विवाहित उमेदवारही प्रवेशाला पात्र आहेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी "लग्न झालंय, आता घेतील का?" हा प्रश्न सुटत नाही. लग्नानं काहीच अडत नाही. अडतं ते वयावर, बारावीवर, आणि सगळ्यात जास्त कागदांवरच्या नावावर.

आधी वय. बारावीनंतर पदवीशिवायचे दोन कोर्स आहेत: एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा (शेवटचे सहा महिने इंटर्नशिप). दोन्हींना किमान वय १७ आणि कमाल ३५. जीएनएमला मात्र एक पळवाट नियमातच ठेवलेली आहे: जी आधीच एएनएम आहे, तिला वयाची अट नाही. म्हणून ३३-३४ वय असेल तर जीएनएमचाच अर्ज भरा, पण त्या वर्षी जागा मिळाली नाही तर एएनएमची जागा हातची घालवू नका. एएनएम होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की पुढे चाळिशीतही जीएनएमचं दार उघडं राहतं. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, तिथे मुख्य पात्रता म्हणजे बारावी, जीएनएम आणि नर्स म्हणून नोंदणी.

सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर आणखी एक हिशोब करावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. खुल्या प्रवर्गातली बाई पस्तिसाव्या वर्षी जीएनएमला लागली तर निकाल हातात येईपर्यंत ती अडतिशीला टेकलेली असते. खासगी रुग्णालयांत ही अडचण नाही, पण हे प्रवेशाआधीच माहीत असलेलं बरं.

बारावीचं म्हणाल तर जीएनएमला कोणतीही शाखा चालते. एकूण ४० टक्के हवेत आणि इंग्रजीतही वेगळे ४० टक्के हवेत. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के (मागास प्रवर्गांना ४०) आणि इंग्रजी उत्तीर्ण. शिवाय राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा: हे तीन विषय, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २० गुण. कला शाखेतून बारावी झालेल्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विज्ञान विषय घेऊन बारावी केली तर भारतीय परिचर्या परिषद ती मान्य करते. पण पुस्तक बंद करून पंधरा वर्षं झालेल्या बाईनं पुन्हा फिजिक्सशी झुंज घेण्यापेक्षा जीएनएम करून पुढे पोस्ट बेसिक करावं, असं माझं मत.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं शपथपत्र: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शिक्षण बंद होतं, का बंद होतं, आणि त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता. मधल्या काळात एखादा कोर्स अर्धवट सोडला असेल तर तोही लिहा, लपवू नका.

खरा घोळ नावाचा. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. फॉर्म मार्कशीटवरच्या नावानं भरावा आणि जोडीला विवाह नोंदणी प्रमाणपत्र व नाव बदलल्याचं राजपत्र ठेवावं. राजपत्रासाठी शासन मुद्रणालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, पण प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर धावपळ करायची नसेल तर तो अर्ज आजच टाका.

जातीचा दाखला आणि वैधता माहेरचीच लागते, नवऱ्याच्या जातीचा इथे संबंध नाही. नॉन-क्रिमीलेअरलाही आई-वडिलांचीच परिस्थिती बघतात. सेतूत नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे शांतपणे सांगा. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचं) मात्र उलट आहे, तिथे कुटुंबात नवराही मोजला जातो. या दोन दाखल्यांची गल्लत फार होते.

पैसे भरण्याआधी कॉलेजचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः बघा. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नताही तपासा. "सहा महिन्यांत नर्सिंग" अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. तसल्या प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

घरी बोलून घ्यायची गोष्ट हजेरीची. वर्गात आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के लागते, पण पदवी किंवा प्रमाणपत्र हातात पडण्याआधी वॉर्डातली हजेरी १०० टक्के भरावीच लागते. मुलाच्या तापासाठी बुडालेली वॉर्डातली ड्युटी नंतर भरून द्यावी लागते. रात्रपाळीही असते, आणि काही कॉलेजांत वसतिगृहात राहण्याची सक्ती असते. ते प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्या.