लायब्ररीच्या स्क्रीनवर विषयांचा नकाशा आला कुठून?

आजकाल बऱ्याच लायब्रऱ्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये सर्च केलं की बाजूला विषयांची यादी येते, काही ठिकाणी तर शब्दांचं जाळंच दिसायचं, मधल्या शब्दाभोवती त्याचे भाईबंद, कुठल्याही एकावर क्लिक करा की तो मध्ये येतो. बघणाऱ्याला वाटतं हे कॉम्प्युटरमुळे आलं, पण विषयांची ही नाती लायब्ररीतल्या कागदी कार्डांच्या काळातच होती, उलट कॉम्प्युटर आल्यावर मध्ये बरीच वर्षं ती गायब झाली!

१८७६ मध्ये ड्युईचं दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार आकडे द्यायची पद्धत आली आणि त्याच वर्षी अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटरने कॅटलॉगचे नियम छापले, त्यात एका विषयाकडून दुसऱ्याकडे पाठवणाऱ्या 'हेही पाहा' कार्डांची नीट व्यवस्था होती. १८९८ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विषयशीर्षकं, म्हणजे पुस्तकाच्या विषयासाठी वापरायचे ठरावीक शब्द, ठरवायला घेतली, त्यांचे पुढे लाल जाडजूड खंड झाले. (मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही १८९८चंच, संबंध काही नाही, साल लक्षात राहतं एवढंच.)

मग १९६०च्या दशकात तिथल्याच हेन्रिएट अ‍ॅव्हरम बाईंनी मार्क फॉरमॅट, म्हणजे नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरायचा साचा, उभा केला आणि कार्डावरची माहिती मशीनला वाचता यायला लागली. पण सुरुवातीच्या ऑनलाइन कॅटलॉगांमध्ये पुस्तकांच्या नोंदी आल्या आणि 'हेही पाहा' वाली नाती बऱ्याचदा वेगळ्या फाइलीत पडून राहिली, वाचकाला दिसायचीच नाहीत. म्हणजे वाचक टाइप करणार 'फर्स्ट वर्ल्ड वॉर' आणि विषयशीर्षक असणार 'वर्ल्ड वॉर, १९१४-१९१८', स्वयंपाकाच्या पुस्तकांवर तर २०१० पर्यंत 'कुकिंग' नव्हे तर 'कुकरी' हेच विषयशीर्षक होतं. नाहीतर शून्य रिझल्ट, नाहीतर हजारो. १९८६ मध्ये अमेरिकन संशोधक क्रिस्टीन बोर्गमन यांनी ऑनलाइन कॅटलॉग वापरायला इतके अवघड का, असा सरळ प्रश्न विचारणारा लेख लिहिला आणि दहा वर्षांनी परत लिहिला, की अजूनही अवघडच आहेत.

यावर चित्रांनी पुस्तक शोधू द्यायचा सुरुवातीचा एक मोठा प्रयोग डेन्मार्कचा, मला तरी सगळ्यात आवडणारा. तिथल्या संशोधक अ‍ॅनेलिस मार्क पेयटर्सन यांनी वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातली खरी बोलणी अभ्यासली, लोक कादंबरी मागताना नेमकं काय विचारतात ते, आणि त्यावरून १९८०च्या दशकात 'बुक हाऊस' हा कॅटलॉग बनवला. स्क्रीनवर एक घर, आत खोल्या, मुलांची वेगळी मोठ्यांची वेगळी, एका खोलीत टेबलावर वस्तू ठेवलेल्या, पृथ्वीगोल म्हणजे कथा कुठे घडते, घड्याळ म्हणजे कोणत्या काळात. वाचकाला विषयशीर्षक पाठ असायची गरजच नाही, 'या पुस्तकासारखं दुसरं दाखव' म्हटलं तरी चालायचं.

२०००च्या दशकात नेदरलँड्सच्या कंपनीचं अ‍ॅक्वाब्राउझर हे कॅटलॉग शोधायचं सॉफ्टवेअर आलं, न्यूयॉर्कच्या क्वीन्स लायब्ररीसारख्या ठिकाणी वापरलं गेलं, सुरुवातीला सांगितलेलं जाळं ते हेच. दिसायला झकास, पण शब्दांची नाती ते कॅटलॉगातल्या मजकुरावरून काढायचं, ग्रंथपालाने ठरवलेली नव्हेत, त्यामुळे मधूनच भलताच शब्द शेजारी येऊन बसायचा आणि हा इथे का, हे कळायला मार्ग नाही. चित्र म्हणून जाळं हरलं ते यामुळेच असं माझं मत.

जिंकली ती साधी यादी. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या कॅटलॉगमध्ये विषय, काळ, प्रदेश, भाषा अशा कप्प्यांनी रिझल्ट गाळायची सोय दिली आणि पुढे सगळीकडे तेच पसरलं. आता ही कप्प्यांची कल्पना कुठली? आपल्याकडचीच की! मद्रासचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण या आपल्या पद्धतीत विषय असा तुकड्यातुकड्यांनी मांडला होता, स्थळ वेगळं, काळ वेगळा.

मराठी पुस्तकांचं मात्र अजून अडतं. ड्युईमध्ये मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आहे पण मी पाहिलेल्या बऱ्याच नोंदींत विषयाचा रकानाच रिकामा, किंवा इंग्रजीत, पुस्तकाचं नाव रोमन लिपीत आणि तेही प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. लायब्ररी चालवायचं कोहासारखं फुकट सॉफ्टवेअर आपल्या कॉलेजांतही आहे, विषयांची यादी ते आपोआप दाखवतं, पण रकान्यात जे भरलंय तेवढंच.