बाग थर

बाग थर : नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, मुख्यतः मध्य प्रदेशातील धार, झाबुआ व अलीराजपूर या जिल्ह्यांत, तुकड्यातुकड्यांनी उघडे पडलेले सागरी गाळखडक. धार जिल्ह्यातील बाग या गावावरून त्यांना हे नाव मिळाले. क्रिटेशस काळात, साधारणपणे १० ते ८.५ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खचदरीत शिरला होता. तो कसा आला आणि त्याचा तळ कसा होता, हे या थरांच्या क्रमावरून व त्यांतील जीवाश्मांवरून समजते. भारतीय भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये या थरांचे सविस्तर वर्णन केले.

सर्वांत खाली निमाड वालुकाश्म आहे. बागची प्रसिद्ध बौद्ध लेणी याच खडकात कोरलेली आहेत. त्याच्या तळाशी गोटे आणि जाडीभरडी, तिरप्या थरांची वाळू आढळते, म्हणजे तो भाग वाहत्या नदीने रचला असावा. वरच्या भागात मात्र कालवांच्या शिंपल्यांचे थर व शार्कचे दात मिळतात. कालवे खाडीच्या मचूळ पाण्यातही वाढतात, त्यामुळे नदीमुखाजवळ समुद्र पोहोचल्याची ही पहिली खूण मानावी लागते. त्यावर गाठाळ चुनखडक येतो. त्याचे कण बारीक असून त्यात ॲमोनाइट (गुंडाळीदार कवचाचे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी) व समुद्री अर्चिन (काटेरी, गोलसर कवचाचे सागरी प्राणी) यांचे जीवाश्म, तसेच खेकड्यासारख्या प्राण्यांनी तळाच्या गाळात पोखरलेली बिळे आहेत. बिळांचा पुरावा विशेष मोलाचा आहे, कारण शिंपले लाटांबरोबर वाहून येऊ शकतात, बीळ मात्र जागचे हलत नाही. उलट, ॲमोनाइटचे कवच प्राणी मेल्यावरही पाण्यावर तरंगत दूर जाऊ शकते. म्हणून थराचे वय ठरवण्यास ते उत्तम, पण पाण्याची खोली ठरवण्यास तितकेसे भरवशाचे नाही.

सर्वांत वरच्या चुनखडकाला प्रवाळी म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. त्यात भरणा आहे तो ब्रायोझोआ या वसाहती करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या सांगाड्यांच्या तुकड्यांचा, आणि त्यांवरून प्रवाळभित्तीची कल्पना करणे चूक ठरते. तुकड्यांची मोडतोड व थरांची तिरपी मांडणी पाहता येथे पाणी पुन्हा उथळ झाले होते आणि प्रवाह जोरदार होते, असा अर्थ लावणे योग्य होय.

थरांचे असे वाचन करताना जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्ये मांडलेले तत्त्व उपयोगी पडते : खंड न पडता एकावर एक साचलेली गाळरूपे (गाळाचे वेगवेगळे प्रकार) मुळात शेजारी शेजारी असलेल्या परिसरांची असतात. नदीमुख, उथळ तळ आणि खोल तळ हे एकाच वेळी शेजारी होते; समुद्र पुढे सरकला तसे ते एकमेकांवर आले. मात्र मध्ये झीज झाली असेल, तर हे तत्त्व लागू होत नाही, म्हणून थरांमधील सीमा बारकाईने तपासाव्या लागतात.

समुद्र हटल्यानंतर येथे लामेटा थर (नदी-तळ्यांच्या परिसरातील गाळखडक) साचले, आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, ज्याने महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापला आहे त्या दख्खनच्या बेसाल्टने (लाव्हा थिजून बनलेल्या खडकाने) हे सारे झाकले. त्यामुळे मान नदीसारख्या प्रवाहांनी जेथे बेसाल्ट कापून काढला, तेथेच हा जुना सागरतळ पाहावयास मिळतो.