केमोथेरपीच्या काळातील हास्य आणि घरचा आधार

केमोथेरपी म्हणजे कर्कपेशी मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे देण्याची उपचारपद्धती. औषध शिरेतून दिले जाते, काही वेळा गोळ्यांतूनही. बोलण्यात तिला नुसते ‘केमो’ म्हणतात. ती सहसा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने दिली जाते आणि अशा एका फेरीला ‘सायकल’ म्हणतात. रुग्णालयाच्या डे-केअर विभागातले (जिथे औषध घेऊन त्याच दिवशी घरी जाता येते) काम बहुधा काही तासांत उरकते, पुढचे सगळे दिवस रुग्ण घरी असतो. मळमळ, ताप, तोंड येणे, केस गळणे हे सारे घरातच घडते आणि त्याला तोंड देणारी माणसेही घरचीच असतात. या दिवसांत घरच्यांनी काय करावे आणि हसण्याला त्यात कोणती जागा आहे, हा या नोंदीचा विषय आहे.

या औषधांचा उगम युद्धातल्या विषारी वायूच्या अभ्यासात आहे. मस्टर्ड वायूशी नाते असलेले नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन १९४२ साली येल विद्यापीठात लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर प्रथम वापरले गेले. पुढे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले आणि त्यांचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. हे औषध अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधे मिळतात. पण त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतूनच दिली जाते. सदाफुलीची पाने चावून खाणे विषारी ठरू शकते, केमो चालू असताना तर ते मुळीच करू नये.

केमोची बरीच औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज या ठिकाणच्या निरोगी पेशीही झपाट्याने वाढतात, म्हणून त्याही सापडतात. त्रास रोज सारखा नसतो. पहिले दोन-तीन दिवस मळमळीचे, मग गळून गेल्यासारखे थकव्याचे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान संसर्गाशी लढणाऱ्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. याला रुग्ण ‘काउंट पडले’ म्हणतात. त्यानंतर पुन्हा तरतरी येऊ लागते, तोवर पुढची तारीख जवळ आलेली असते. घरातल्या कोणीतरी हे वेळापत्रक कॅलेंडरवर लिहून ठेवावे. काउंट पडलेल्या दिवसांत घरी सर्दी-खोकल्याचा पाहुणा नको, चिरून ठेवलेली फळे आणि बाहेरचे खाणे नको. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी देऊन ताप उतरवूही नये. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. तापमापक आणि रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर हाताशी असणे हा कौटुंबिक आधाराचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

जेवणाच्या बाबतीत प्रेमाने केलेली एक गोष्ट उलटते. केमोच्या आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी रुग्णाच्या आवडीचा पदार्थ करायचा, ‘आज पोटभर खाऊन घे’ म्हणायचे, ही घरोघरची रीत. मेंदू मात्र ती चव आणि नंतरची मळमळ यांची गाठ मारून टाकतो. इलीन बर्नस्टीन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या मुलांनी केमोआधी एका नव्या चवीचे आइस्क्रीम खाल्ले, ती पुढे ते आइस्क्रीम टाळू लागली. म्हणून पुरणपोळी असो की कोंबडीचा रस्सा, आवडीचे पदार्थ चांगल्या आठवड्यासाठी राखून ठेवावेत. केमोच्या दिवशी मऊ भात, मुगाची खिचडी, पेज असे साधे, कमी वासाचे अन्न थोडे थोडे द्यावे. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी काचेची वाटी आणि लाकडी चमचा बरा पडतो. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध चालू असलेल्यांना गार पाणीही काही दिवस टोचते, त्यांना माठाचे किंवा फ्रिजचे पाणी देऊ नये.

अशीच गाठ रुग्णालयाच्या वासाशीही बसते. तिसऱ्या-चौथ्या सायकलपासून काहींना औषध चढण्याआधीच, डे-केअरच्या दारात पाय ठेवताच उमासे येतात. या मळमळीवर उलटीची नेहमीची औषधे फारशी चालत नाहीत. शरीर सैल सोडण्याचे व्यायाम आणि मन दुसरीकडे वळवणे यांचा उपयोग होतो. खुर्चीशेजारी बसून गावाकडची बित्तंबातमी सांगणारी नणंद किंवा शाळेतल्या बाईंची नक्कल करणारा भाचा इथे खरोखर उपयोगाचे काम करत असतात. हसण्याचे स्थान इथपासून सुरू होते.

केमोतला विनोद बहुधा केसांवरून चालू होतो. केस गळवणारे औषध असेल तर पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजके दिसू लागतात. तो सकाळचा धक्का टाळण्यासाठी अनेक जण आधीच केस कापून घेतात. मग घरात ‘शाम्पूचा खर्च वाचला’, ‘चमन गोटा झाला’ अशी बोलणी सुरू होतात. एखाद्या घरी वडील किंवा भाऊही सोबत डोके भादरून येतो. भुवया आणि पापण्या गेल्यावर मात्र आरशात आपणच आपल्याला ओळखू येत नाही आणि तेव्हा थट्टा संपते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. डॉक्सोरुबिसिन हे औषध लाल रंगाचे असते आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लाल होते. हे आधी सांगितले असेल तर तो हसण्याचा विषय होतो, नाही तर घाबरगुंडी उडते.

असे विनोद करण्याचा पहिला हक्क रुग्णाचा आहे. आजारी बाईने स्वतः आपल्या टकलावर विनोद केला की घरच्यांना दार उघडते. तिने तोंड फिरवले असताना दिराने तोच विनोद केला तर तो घाव होतो. भेटायला आलेल्यांनी तर थट्टेत पुढाकार घेऊच नये. ‘आमच्या शेजारच्यांनाही हेच झालं होतं, गेले बिचारे’ हे वाक्य आणि गव्हांकुरापासून गोमूत्रापर्यंतचे सल्ले हे दोन्ही बाहेर ठेवून येण्याची विनंती घरातल्या एखाद्या खमक्या माणसाने दारातच करावी. रुग्णाच्या वतीने वाईटपणा घेणारे असे एक माणूस प्रत्येक घरात असावे.

हसण्याने कर्करोग बरा होतो, असे अनेकदा सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत सुरू केलेले हास्यक्लब जगभर पोचले. हास्ययोगावर, म्हणजे मुद्दाम हसणे आणि श्वसनाचे व्यायाम यांवर, कर्करुग्णांमध्ये लहान लहान अभ्यासही झाले आहेत. चिंता, थकवा, मनाची स्थिती यांत काही सुधारणा त्यांत दिसते, गाठ लहान झाल्याचे मात्र नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जेम्स कॉइन यांनी २००७ साली डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मन किती आनंदी आहे आणि रुग्ण किती काळ जगतो यांचा संबंध त्यात आढळला नाही. हा निष्कर्ष निराश करणारा वाटेल, पण रुग्णाला तो मोकळा करतो. ज्या दिवशी रडू येते त्या दिवशी रडावे, त्यामुळे उपचार वाया जात नाहीत. ‘पॉझिटिव्ह राहा’ असा सारखा धोशा लावणारे रुग्णावर आणखी एक काम लादतात. विनोदी भूमिकांमुळे महाराष्ट्राला जवळचे वाटणारे अतुल परचुरे कर्करोगाशी झुंजल्यावर कामावर परतले होते. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हसण्यात काही कमी पडले, असे कोण म्हणेल?

घरच्या आधाराचे मात्र वेगळे आहे, त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतील ७,३४,८८९ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. विवाहित रुग्णांचे निदान तुलनेने लवकर झाले होते, त्यांना योग्य उपचार अधिक प्रमाणात मिळाले होते आणि त्यांच्यातील मृत्यूही कमी होते. यात गूढ काही नाही. गाठ दाखवायला चल म्हणून मागे लागणारे, तारीख चुकू न देणारे, गोळ्या मोजून देणारे कोणीतरी जवळ असते. ते माणूस नवराच असायला हवे असेही नाही, बहीण, मैत्रीण, शेजारीण हे काम तितक्याच निष्ठेने करतात. अमेरिकेतच ५१५ रुग्णांवर झालेल्या २००९ सालच्या अभ्यासातून दिसणारी दुसरी बाजू अस्वस्थ करते. गंभीर आजारानंतर जोडीदारापासून वेगळे होण्याचे प्रमाण पत्नी आजारी असताना २०.८ टक्के होते, पती आजारी असताना २.९ टक्के. आपल्याकडेही घरची बाई आजारी पडली की सोबत कोण बसणार आणि डबा कोण करणार, हे प्रश्न बऱ्याचदा तिलाच सोडवावे लागतात. केमोच्या तिसऱ्या दिवशी तिला ओट्याशी उभे राहावे लागत असेल, तर त्या घरातल्या हास्यविनोदाला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रात या आधाराचा मोठा भाग परळच्या आसपास पाहायला मिळतो. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात आणि बरोबर आलेला नातेवाईक महिनोन्महिने मुंबईत अडकून पडतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा ठिकाणी या कुटुंबांची राहण्याची सोय होते. शेजारच्या खाटेवरचे अनोळखी कुटुंब तिथे नात्यातले होऊन जाते. एक काकू तिघांच्या फायली सांभाळतात, मराठी न कळणाऱ्या बिहारच्या मुलाला सोलापूरचे आजोबा पत्ते शिकवतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचाही समावेश आहे.

शेवटची सायकल झाली की पेढे वाटले जातात, ते वाटावेतच. पण थकवा पुढे कित्येक महिने राहू शकतो. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी हातापायांना आलेला बधिरपणा हळूहळू उतरतो, काहींचा पुरता जातही नाही. शब्द चटकन न आठवणे, दुधाचे भांडे गॅसवर विसरणे हेही चालू राहते. नवे केस बऱ्याचदा आधी नव्हते असे कुरळे येतात आणि घरात पुन्हा चेष्टेला विषय मिळतो. तपासणीच्या आधीचा आठवडा सगळ्यांनाच जड जातो. तेव्हा सोबत जायला एक माणूस लागतेच.