चिपसेटचा ड्रायव्हर अपडेट करायचा का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आठवड्यातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी काउंटरवर येऊन विचारतं, "कॉम्प्युटर हँग होतोय. यूट्यूबवर सांगतात चिपसेट ड्रायव्हर अपडेट करा. करून द्याल का, किती घ्याल?" बहुतेकांना आम्ही सांगतो, नको, आहे तसं राहू द्या. पण काहींना तोच ड्रायव्हर (विंडोजला मशीनचा एखादा भाग चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम) आम्ही आग्रहाने टाकून देतो. मग माणूस गोंधळतो. शेजारच्याला दिला, मला का नाही? गर्दीत उभ्याउभ्या हे नीट समजावता येत नाही, म्हणून हा कागद छापला.

चिपसेट कुठे असतो

कॅबिनेटचं झाकण उघडलंत तर मदरबोर्डच्या खालच्या उजव्या बाजूला एक चपटा ॲल्युमिनियमचा तुकडा दिसतो. त्याखाली चिपसेट. यूएसबी पोर्ट, साटा हार्ड डिस्क, नेटवर्क, आवाज यांची बरीचशी ये-जा त्याच्यातून प्रोसेसरकडे होते. बोर्डच्या नावातलं एच६१, एच८१, बी४५०, बी७६० हे त्या चिपचंच नाव. पूर्वी अशा दोन चिपा असायच्या, नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज. रॅम सांभाळायचं काम एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरच्या पोटात घेतलं, आणि हळूहळू एकच चिप उरली. नाव मात्र 'सेट' असंच राहिलं.

इंटेलवाल्यांनी आधी हे वाचा

इंटेलच्या बोर्डसाठी 'चिपसेट ड्रायव्हर' म्हणून जे मिळतं ते खरं तर ड्रायव्हर नसतंच. त्यात आयएनएफ नावाच्या मजकुराच्या फाइली असतात. विंडोजला त्या एवढंच सांगतात, की हा अमुक भाग म्हणजे इंटेलचा तमुक कंट्रोलर, याच्यासाठी तुझ्याकडचाच ड्रायव्हर वापर. दारावर नावाची पाटी लावावी तसं. नवी पाटी लावली म्हणून घरात एक खोली वाढत नाही, तसा हा 'ड्रायव्हर' नवा टाकला म्हणून मशीन पळायला लागत नाही.

यात एक गंमत आहे, आणि तिच्यापायी लोकांचे पैसेही जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या भागांच्या विंडोजमधल्या यादीत, इंटेलच्या या नोंदींवर तारीख दिसते १८ जुलै १९६८. ग्राहक फोटो काढून आणतात, "बघा, किती जुना ड्रायव्हर टाकलाय तुम्ही!" १९६८ साली विंडोज कुठलं, मायक्रोसॉफ्टच मुळी १९७५ची. ती तारीख इंटेल कंपनीच्या स्थापनेची आहे आणि मुद्दाम टाकलेली आहे. सारख्याच जुळणाऱ्या दोन ड्रायव्हरांमधून निवड करताना विंडोज तारीख बघतं. या पाट्यांनी एखाद्या खऱ्या, कामाच्या ड्रायव्हरला बाजूला सारू नये, म्हणून इंटेलने त्यांना शक्य तेवढं 'म्हातारं' करून ठेवलंय. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख दिसते, तिथेही असाच प्रकार. तर या तारखांवरून घाबरू नका.

इंटेलच्याच यादीत आणखी दोन-तीन वस्तू चिपसेटच्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्या मात्र खऱ्या ड्रायव्हर आहेत: मॅनेजमेंट इंजिन, सीरियल आयओ, आणि स्टोरेजचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी. लॅपटॉपवर टचपॅड मध्येच चालेनासा झाला तर सीरियल आयओकडे बघावं लागतं.

एएमडीचं पॅकेज म्हणजे खरोखरचा ड्रायव्हर

रायझनवाल्यांसाठी, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर असलेल्यांसाठी, मात्र आमचं उत्तर जरा वेगळं आहे. एएमडीच्या चिपसेट पॅकेजमध्ये पाट्यांबरोबर चालते-बोलते ड्रायव्हरही असतात: सुरक्षा प्रोसेसरचा, जीपीआयओचा (चिपच्या इशारे देणाऱ्या-घेणाऱ्या पिनांचा), आणि प्रोसेसरच्या कोणत्या कोअरला (आतल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागाला) कधी जागं करायचं हे विंडोजला सांगणाऱ्या भागाचा.

याचं उत्तम उदाहरण ऑक्टोबर २०२१चं. विंडोज ११ त्या महिन्याच्या ५ तारखेला आलं आणि रायझनवर दोन गोष्टी बिघडल्या. एक, एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, हळू झाला. दुसरं, सगळ्यात वेगवान कोअर कोणता हे विंडोजला कळेनासं झालं, त्यामुळे हलकी कामं भलत्याच कोअरवर जाऊ लागली. एएमडीनेच सांगितलं, की काही प्रोग्रॅम ३ ते ५ टक्के आणि काही गेम १० ते १५ टक्के मंदावू शकतात. कॅशेचा दोष मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या अपडेटमधून दुरुस्त केला, पण कोअर निवडण्याचा दोष २१ ऑक्टोबरच्या चिपसेट ड्रायव्हरनेच सुटला. तेव्हा "अपडेट कशाला, चाललंय ना" म्हणणाऱ्यांचं नुकसान होतं. मात्र तेही मुख्यतः आठपेक्षा जास्त कोअरच्या मोठ्या प्रोसेसरवर जाणवणारं. टॅली आणि ब्राउझर चालवणाऱ्या रायझन ३ला काही कळलंही नसेल.

त्याच वर्षी सुरक्षा प्रोसेसरच्या ड्रायव्हरमध्ये एक भोकही सापडलं होतं. साध्या अधिकाराच्या वापरकर्त्यालाही मेमरीतला दुसऱ्याचा डेटा वाचता येत होता. तेही नव्या चिपसेट पॅकेजने बुजवलं. सायबर कॅफे, सेवा केंद्र, क्लासची लॅब, म्हणजे जिथे एका मशीनवर दहा जण बसतात, तिथे रायझन असेल तर हे पॅकेज वर्षातून एकदा बघून घ्या. घरच्या मशीनसाठीही रायझनला वर्षातून एकदा पुरे.

सात हजार किंवा नऊ हजार मालिकेतला दोन भागांचा एक्स३डी प्रोसेसर घेतला असेल, उदाहरणार्थ ७९००एक्स३डी, ७९५०एक्स३डी किंवा ९९५०एक्स३डी, तर मात्र चिपसेट ड्रायव्हरशिवाय गत्यंतर नाही. त्यातल्या एकाच भागावर जादा कॅशे असतो. गेम त्या भागावर ढकलायचं काम हा ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार मिळून करतात. साधा प्रोसेसर काढून त्याच बोर्डवर हा बसवला असेल, तर ड्रायव्हर काढून नव्याने टाका. इतका महाग प्रोसेसर आमच्याकडे वर्षाकाठी एक-दोनच बसतात, पण त्यातल्याही एका साहेबांनी ड्रायव्हरच टाकला नव्हता आणि ग्राफिक्स कार्ड खराब आहे म्हणून आमच्याशी भांडायला आले होते. आता ते आमचे चांगले गिऱ्हाईक आहेत.

विंडोज नव्याने टाकल्यावर

इथे मात्र इंटेल असो की एएमडी, आम्ही चिपसेट ड्रायव्हर टाकतोच, आणि तुम्ही घरी विंडोज टाकलं असेल तर तुम्हीही टाका. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळं चिन्ह कुठे दिसतंय बघा. 'एसएम बस कंट्रोलर' दिसला तर चिपसेटची पाटी लावायची राहिली आहे. इंटेलवर 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' म्हणजे मॅनेजमेंट इंजिन. एएमडीवर 'पीसीआय एन्क्रिप्शन डिक्रिप्शन कंट्रोलर' म्हणजे तो सुरक्षा प्रोसेसर. ही नावं ऐकून लोक व्हायरस समजतात. तसं काही नाही, ओळख पटली नाही एवढाच अर्थ. विंडोजला इंटरनेट मिळालं की यातलं बरंचसं ते स्वतःच आणून बसवतं.

पण इंटरनेट मिळायला नेटवर्कचा ड्रायव्हर लागतो! नव्या बोर्डवरचं अडीच गिगाबिटचं नेटवर्क विंडोज १० पुष्कळदा ओळखत नाही. विंडोज टाकायच्या आधीच नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, काम भागतं.

अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर एक जास्त फसवी अडचण येते. विंडोज टाकायला घेतलं की कुठल्या डिस्कवर टाकू, ही यादीच रिकामी. एसएसडी गेली म्हणून नवी विकत घेतलेला ग्राहक आम्ही पाहिलाय. एसएसडी ठणठणीत होती. ती बायोसमधल्या (बोर्डवरच साठवलेल्या, विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) व्हीएमडी नावाच्या सोयीमागे होती आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये नव्हता. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा व्हीएमडी ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा, त्याच पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' म्हणा. डिस्क दिसू लागते. मात्र विंडोज आधीच टाकलेल्या चालू मशीनवर बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद-चालू करत बसू नका, विंडोज उघडायचं बंद होईल.

ड्रायव्हरने न सुटणारी दुखणी

तुमच्या तक्रारींपैकी बऱ्याच या ओळीखाली येतात. मशीन स्लो आहे? आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. जो फरक पडेल तो कुठल्याही ड्रायव्हरने पडणार नाही. उन्हाळ्यात दुपारी बंद पडतं? झाकण उघडून पंख्यावरची धूळ बघा. फ्लेक्सच्या आणि पिठाच्या गिरणीशेजारच्या दुकानांतून येणारी मशीन आम्ही आधी ब्लोअरखाली धरतो, मग बोलतो.

दुसरी गोष्ट, चिपसेट ड्रायव्हर आणि बायोस एक नव्हे. रायझनच्या ५०० मालिकेच्या बोर्डवर २०२१ मध्ये यूएसबी मध्येच तुटायचं. २०२२ मध्ये रायझनवर विंडोज अधूनमधून क्षणभर अडखळायचं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजने खराब होऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला. ही तिन्ही दुखणी बायोस अपडेटने सुटणारी किंवा रोखता येणारी होती. चिपसेट ड्रायव्हर शंभरदा टाकूनही उपयोग झाला नसता. आणि काही दुखणी कशानेच सुटत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने जाहीर केलं, की ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये साटाचे चार पोर्ट काळाच्या ओघात कमजोर होतात. दोष सिलिकॉनमध्येच होता. बोर्ड बदलून देण्यासाठी इंटेलने ७० कोटी डॉलरचा अंदाज धरला होता.

चौदाव्या किंवा तेराव्या पिढीचा आय५ के, आय७ किंवा आय९ डेस्कटॉप तुमच्याकडे असेल आणि बायोस ऑगस्ट २०२४ आधीचं असेल, तर हा कागद बाजूला ठेवा आणि आधी आम्हाला फोन करा.

बायोसचं काम घरी करणार असाल तर दोन गोष्टी. यूपीएस हवाच. मधेच लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, आणि आपल्याकडे लाइट विचारून जात नाही. आणि विंडोज ११ला ड्राइव्ह एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) चालू असेल, तर बायोस बदलल्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर उघडलं होतं, हे आधी आठवा. मुलाच्या जुन्या नंबरवर असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. की नसेल तर डेटा आम्हालाही काढता येत नाही.

'ड्रायव्हर अपडेटर' नको म्हणजे नको

"तुमचे २७ ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत" असं लाल अक्षरांत सांगणारे प्रोग्रॅम. स्कॅन फुकट, दुरुस्तीला पैसे. त्या सत्तावीसमध्ये वर सांगितलेल्या १९६८च्या पाट्याही मोजलेल्या असतात. मार्च एंडच्या आठवड्यात एका हिशेबनिसाचं मशीन आमच्याकडे आलं. अशाच प्रोग्रॅमने स्टोरेजचा भलताच ड्रायव्हर बसवला होता, आणि चालू केलं की निळा पडदा. डेटा वाचला, पण दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस मार्चचे होते. तेव्हापासून आम्ही मार्चमध्ये कोणाच्याही हिशेबाच्या मशीनवर ड्रायव्हरला हात लावत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

टाकायचाच असेल तर

बोर्डचं नाव शोधायला स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' लिहा, 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' ही ओळ बघा. लॅपटॉप किंवा कंपनीचा डेस्कटॉप असेल तर ड्रायव्हर त्या कंपनीच्याच सपोर्ट पानावरून घ्या. असेंबल्ड रायझन असेल तर सरळ एएमडीच्या साइटवरून. बोर्ड कंपनीच्या पानावर पुष्कळदा जुनीच आवृत्ती पडलेली असते.

आधी रिस्टोर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला आधीच्या स्थितीत परतता येतं. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' लिहा. सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन 'ऑफ' दिसलं तर आधी ते चालू करा. बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं, आणि लोकांना हे गरज पडल्यावर कळतं. मग ड्रायव्हर टाका, रिस्टार्ट करा. पॅकेजमध्ये बरेच तुकडे असल्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमधून एकेक मागे घेत बसण्यापेक्षा बिघडल्यास रिस्टोर पॉइंटवर परतणं सोपं. एएमडीचा इन्स्टॉलर सी ड्राइव्हवर एएमडी नावाचा फोल्डर मागे ठेवून जातो, तो काम झाल्यावर खुशाल उडवा.

लिनक्सवाल्यांना यातलं काही करायचं नाही. चिपसेटचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात.

शंका असेल तर डिव्हाइस मॅनेजरचा आणि बेसबोर्डच्या ओळीचा फोटो आमच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, नंबर बिलाच्या मागे आहे. फोटो मोबाइलने पडद्याचा काढलेला चालेल, फक्त हलू देऊ नका. बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. दुकानात आणून ड्रायव्हर टाकून घ्यायचा असेल तर अर्धा तास लागतो. लॅपटॉप असेल तर चार्जरही आणा.